दिवा घालवणारा चांगदेव

मांडव्याहून अलिबागला येताना चोंढीच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, चांगदेव घरताचं टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा, मागे हवेची टाकी आणि पुढे एकावर एक रचलेले जुने टायर. चांगदेवचं वय अठ्ठावन्न. अंगाने बारीक, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला, आणि बोटांच्या पेरांत रबराचा काळा रंग इतका मुरलेला की आंघोळ करून आला तरी हात धुवायचे राहिलेत असं वाटावं.

त्याचं मूळ घर रेवसच्या खाडीकाठी. बापाची मिठागरं होती. चांगदेव चौदा वर्षांचा असताना एका मोठ्या उधाणात बांध फुटला आणि मिठाच्या वाफ्यांमध्ये कमरेएवढा चिखल येऊन बसला. बापाने दोन वर्षं चिखल उपसला, मग टोपली खाली ठेवली आणि दुसऱ्याच्या मिठागरावर मजुरीला गेला. ते बघायला नको म्हणून चांगदेव अठराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर झाला, पुढे ड्रायव्हर. थळच्या कारखान्यातल्या खताच्या गोणी भरायच्या आणि घाट चढून कधी कोल्हापूर, कधी लातूर गाठायचं, असं त्याने चोवीस वर्षं केलं. प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरून लोखंडी गजाने दहाही टायरांवर एकेक ठोका टाकायचा. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, उतरलेल्याचा भदभदीत. चोवीस वर्षांत आपल्या हाताखाली एकही टायर फुटला नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. पाठ गेली तेव्हा ट्रक सोडला आणि हे दुकान टाकलं.

पहिली काही वर्षं रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली यांवर बरी गेली. मग मुंबईहून गाड्या थेट बोटीत चढून मांडव्याला उतरायला लागल्या. शनिवारी सकाळी एकामागोमाग एक नव्या गाड्या दुकानासमोरून जायच्या, आणि त्यातली एखादी थांबायची. पंक्चर नसायचं. गाडीतला माणूस काच खाली करून म्हणायचा, "तो टायरचा दिवा लागलाय, बघा जरा."

हा दिवा चांगदेवला नवा होता. पिवळा, घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. पहिल्यांदा एक बाई आल्या, पांढऱ्या गाडीतून. त्याने चारही टायरांना मीटर लावला, कमी होती तिथे हवा भरली. दिवा तसाच. त्याने पुन्हा चारही तपासले. हवा अगदी काटेकोर होती.

"भरलीत ना हवा? मग दिवा का नाही गेला?" बाईंनी विचारलं. आपल्याला फसवलं असं समजून त्या निघून गेल्या. ते त्याला फार लागलं.

संध्याकाळी त्याने ही गोष्ट अमिषाला सांगितली. अमिषा त्याची एकुलती एक मुलगी, अलिबागला रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला. तिने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाली, "बाबा, नुसती हवा भरून भागत नाही. गाडीला सांगावं लागतं की आता सगळं बरोबर आहे."

"गाडीला कसं सांगायचं?"

"बटण असतं. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. ते तीन सेकंद दाबून धरायचं. दिवा दोनदा लुकलुकतो आणि जातो. काही गाड्यांमध्ये समोरच्या स्क्रीनवर असतं." मग तिने पुढचं वाचून दाखवलं. आधी चारही टायरांत सांगितली आहे तेवढी हवा भरावी, मगच बटण दाबावं. कमी हवेवर दाबलं तर गाडी तीच हवा बरोबर धरून चालते आणि मग कमी झाल्याचं सांगत नाही.

चांगदेवने ते दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे आपण सांगू ते ती खरं मानते."

"हो. हवा किती आहे हे तिला स्वतःला कळत नाही. चाकं कशी फिरतायत यावरून अंदाज बांधते."

महिनाभरात त्याला बहुतेक गाड्यांची बटणं तोंडपाठ झाली. कोणत्या गाडीत बटण, कोणत्या गाडीत स्क्रीन, कोणती गाडी थोडी चालवल्यावर आपोआप ऐकते, सगळं. मांडव्याच्या धक्क्यावरचे ड्रायव्हर पाहुण्यांना सांगायला लागले, चोंढीच्या अलीकडे एक म्हातारा आहे, तो दिवा घालवतो. मुंबईच्या शोरूममध्ये जायची गरज नाही. त्याची बायको चंद्राबाई म्हणायची, "दिवा घालवला असं तोंडाने बोलू नये. चांगलं नसतं ते." तो हसायचा. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या गोणी, दुसऱ्याच्या ट्रकमधून वाहत आला होता. आता गाडीवाले त्याचं नाव विचारत यायचे. अमिषाने दुकानाच्या पाटीवर पिवळ्या रंगात तो घोड्याचा नाल काढून दिला, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ पाटी बघत उभा राहिला होता.

दुकानापासून हाकेच्या अंतरावर, मांडव्याच्या बाजूला, रस्त्याला एक वळण आहे. त्या वळणावर नीराबाई बसायची. थळची कोळीण, वय साठीच्या पुढे. रंगीत छत्री, पुढ्यात पाटी, पाटीत बर्फावर कोलंबी, बोंबील, मिळालंच तर पापलेट. बंगल्यांवर जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या वळणावर सावकाश होतात, म्हणून ती जागा तिने धरली होती. दिवसातून दोनदा ती चांगदेवच्या माठातलं पाणी न्यायला यायची. पाणी घेता घेता त्याच्या टायरांच्या ढिगाला नावं ठेवायची, तो तिच्या बोंबलांना ठेवायचा. ओळख म्हणायची तर एवढीच.

आणि रितेश. भिकू नावाचा चांगदेवचा जुना जोडीदार होता, लातूरच्या फेऱ्यांना पाळीपाळीने ट्रक चालवणारा. तो कावीळ होऊन गेला. रितेश त्याचा मुलगा, एकतीस वर्षांचा. त्याने सात माणसांची गाडी घेतली होती आणि मांडव्याला बोटीवरून उतरणारी माणसं अलिबाग, काशीदला पोचवायचा. चांगदेवला काका म्हणायचा. बोलायला गोड, कामाला वाघ, पण सगळं पुढे ढकलायची सवय. स्टेपनीचा टायर कापला गेला होता, तो महिनाभर तसाच मागे पडून होता.

एप्रिलमधला शुक्रवार होता. सकाळी सातलाच वीज गेली होती. तारांचं काम चाललंय, बारापर्यंत येणार नाही असं कळलं होतं. टाकीत आदल्या दिवशीची हवा होती, ती दोन रिक्षांना पुरली. साडेनऊला रितेश आला. गाडीतून न उतरताच म्हणाला, "काका, दिवा लागलाय. मागचा डावा बसलाय वाटतं."

चांगदेवने मीटर लावला. एकोणीस. पाहिजे तेहेतीस. त्याने नळी जोडली. टाकीतून थोडी हवा आली, मग नुसता फुसफुसाट. काटा तेवीसवर थांबला.

"एवढीच हाय टाकीत. लाइट न्हाय," चांगदेव म्हणाला. त्याने व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली, बुडबुडा आला नाही. "खिळा असंल कुठतरी. चाक खोलू, पाण्यात बुडवू. अर्धा तास थांब."

"अर्धा तास कुठला, काका? दहाची बोट आहे. सहा माणसं आहेत, सामान आहे. बुकिंग आधीच झालंय."

"स्टेपनी?"

रितेशने मान खाली घातली. मग म्हणाला, "मांडव्याच्या अलीकडे पंप आहे ना, तिथे भरतो हवा. तेवढा दिवा घालवा."

"भरून ये, मग घालवतो."

"येताना गाडीत माणसं असतील. थांबता येणार नाही. आणि दिवा लागलेला दिसला की माणसं बसत नाहीत हो. मागच्या आठवड्यात एका बाईने दिवा बघितला आणि सामान काढून दुसऱ्या गाडीत जाऊन बसली. वर इंटरनेटवर लिहिलं, गाडी धोक्याची आहे म्हणून. तीन दिवस बुकिंग नव्हतं मला."

चांगदेव हातात मीटर घेऊन उभा राहिला. तेवीसवर दिवा घालवायचा नाही हे त्याला जितकं माहीत होतं तितकं त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पण समोर भिकूचा पोरगा होता, घड्याळाकडे बघत होता, आणि पंप फार लांब नव्हता. दहा मिनिटांचा प्रश्न, असं त्याने मनाशी म्हटलं. तो वाकून आत शिरला, गुडघ्यापाशी हात घातला आणि बटण दाबून धरलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला.

"पंपावर हवा भरल्याबिगर माणूस बसवू नको गाडीत," तो म्हणाला.

"नाही बसवत, काका," रितेश म्हणाला आणि गेला.

साडेदहा वाजून गेले होते. चांगदेव एका स्कूटरच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. तेव्हा वळणाकडून आवाज आला. लग्नसराईचे दिवस होते, फटाके रोजच वाजत होते. पण चांगदेवने ट्यूब हातातून टाकली. चोवीस वर्षं जो आवाज आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून तो दहा-दहा टायरांना ठोके टाकत हिंडला होता, तो त्याला फटाक्यांत मिसळला तरी कळला असता. पाठोपाठ पत्रा चेपल्याचा आवाज आला आणि मग माणसांचा.

तो पाठीला धरून पळाला. रितेशची गाडी वळणावरच्या मोरीच्या कठड्याला तिरकी अडकली होती. आतली सहाही माणसं धडधाकट होती, घाबरून एकमेकांना नावाने हाका मारत होती. रितेश स्टीअरिंग धरून तसाच बसला होता. रंगीत छत्री गाडीच्या पुढच्या चाकाखाली होती. बर्फ डांबरावर पसरला होता आणि त्यात कोलंबी. नीराबाई मोरीच्या कडेला पडली होती. डावा पाय मांडीपासून असा वळला होता की चांगदेवने नजर फिरवली.

ती शुद्धीवर होती. "चांगदेव, माजी पाटी बघ रं," म्हणाली.

एका टेम्पोत तिला घातली. चांगदेव मागे बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन. टेम्पो वळवताना त्याला गाडीचं मागचं डावं चाक दिसलं. टायर कडेने गोल फाटला होता, कुणी सुरीने कापावा तसा. कमी हवेवर ओझं घेऊन, तापलेल्या रस्त्यावर पळालेला टायर असाच फाटतो. असे टायर त्याने शंभर जणांना दाखवले होते आणि शंभर वेळा सांगितलं होतं, हवा कमी ठेवू नका.

अलिबागला हॉस्पिटलात नीराबाईच्या मांडीत सळई घातली. खुबाही मोडला होता. डॉक्टर तिच्या मुलाला, गणराजला, म्हणाले की बसती होईल, चालती होईल असं सांगता येत नाही. गणराज दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बातमी कळली तेव्हा तो समुद्रात होता, कपडे न बदलता धावत आला होता. तो सगळ्यांसमोर चांगदेवच्या पाया पडला. "तुमी व्हतात म्हनून आई वाचली," म्हणाला.

रितेश बाकावर बसला होता. कपाळावर दोन टाके. चांगदेव शेजारी बसला तसा तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. "पंपावर रांग होती, काका. म्हटलं येताना भरू. बोट लवकर लागली. माणसं उतरली, सामान चढवलं, मग ते डोक्यातूनच गेलं. समोर दिवा असता तर आठवलं असतं."

तो दोष देत नव्हता. जे झालं ते सांगत होता. चांगदेव उठला आणि व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिथे जाऊन उभा राहिला. नळ सोडला, पण हात पुढे केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रितेश दुकानावर आला. या वेळी पायी. "पोलीस येतील तुमच्याकडे," तो म्हणाला. "वकिलाशी बोललो. टायर अचानक फुटला एवढंच राहिलं तर निभावेल, म्हणतो. हवा कमी आहे हे मला माहीत होतं असं कागदावर आलं तर मी गेलो."

"मीच दाबलं ना बटण," चांगदेव म्हणाला. "मी सांगतो तसं."

"तुम्ही सांगितलंत तर तुमचं काही होणार नाही, काका. माझं होईल. तुम्ही मला सांगितलं होतंत ना, पंपावर भर म्हणून. तेच ते विचारतील."

दुपारी हवालदार आला. चांगदेवने जबाब दिला. आवाज ऐकला, धावत गेलो, बाईला टेम्पोत घातलं, हॉस्पिटलला नेलं. हवालदाराने वाचून दाखवलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चांगदेवने खाली सही केली.

रात्री जेवताना अमिषाने विचारलं, "बाबा, रितेशच्या गाडीचा दिवा लागला नव्हता का?"

"मला काय म्हायती," चांगदेव म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. पुन्हा कधी विचारलं नाही. दोन दिवसांनी त्याने काळ्या रंगाचा डबा आणून पाटीवरचा पिवळा नाल पुसला. तेव्हाही ती काही बोलली नाही, आणि त्यावरून त्याला समजलं की तिला कळलंय.

महिन्याभराने नीराबाईला घरी सोडलं. थळच्या कोळीवाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिची खाट. चांगदेवचं दुकान सोमवारी बंद असायचं. त्या सोमवारी दुपारी तो गेला. गणराज बंदरावर जाळी शिवायला गेला होता. घरात ती एकटीच. ती इतकी आटली होती की पातळाखाली माणूस आहे असं वाटत नव्हतं.

तो खाटेशेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "नीराबाय, मना तुना एक सांगाचं हाय."

"सांग."

त्याने सांगितलं. दिवा काय असतो इथून सुरुवात करावी लागली, कारण तिने आयुष्यात कधी गाडीचा तो दिवा बघितला नव्हता. चाकातली हवा कमी झाली की तो लागतो. हवा भरल्यावर बटण दाबून घालवायचा असतो. हवा न भरता दाबला तर गाडी गप्प बसते. आणि त्या दिवशी त्याने हवा न भरता दाबला.

ती छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे गारीला कललं व्हतं."

"व्हय."

"ती सांगत व्हती. आन् तू तिला गप केलास."

"व्हय."

खिडकीतून सुकटीचा वास येत होता. नीराबाई काही रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. तिने विचारलं, "अजून कोनाला म्हायती?"

"रितेशला. पोलिसाला न्हाय सांगितलं. त्यानं रितेशच आत जाईल."

"गनराजला सांगू नको," ती म्हणाली. "तो तुज्या दुकानावर कोयता घेऊन यील, आन् मंग मना बघाला कोन ऱ्हानार न्हाय." मग तिने विचारलं, "सोमवारी तुजं दुकान बंद असतं ना?"

"हो."

"मंग सोमवारी यत जा. दुपारचं मना कोन उठवत न्हाय."

तेव्हापासून तो दर सोमवारी जायला लागला. शेजारची एक बाई यायची, तिच्या मदतीने तो नीराबाईला उचलून खुर्चीत बसवायचा आणि खुर्ची दाराशी न्यायचा. तिथून घरांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. पाऊसकाळ लागला, बोटी वर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या आल्या. गणराज घरी असला की म्हणायचा, "काका, तुमी कशाला एवढा तरास घेता. तुमची पाठ धड न्हाय." आणि चहा टाकायचा. चांगदेव तो चहा प्यायचा. प्रत्येक घोट त्याला गिळावा लागायचा.

नीराबाईने त्याला माफ केलं असं तो कधीच म्हणू शकला नसता. काही सोमवारी ती चांगली बोलायची, बाजाराच्या, जुन्या माणसांच्या गोष्टी सांगायची, आपला नवरा एकदा दर्यात कसा तीन दिवस तरंगत राहिला ते सांगायची. काही सोमवारी पाय दुखायचा, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळायच्या, तेव्हा घरात दुसरं कुणी नाही बघून ती म्हणायची, "सांग परत. कसा दाबलास?"

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सांग ना. हात कुठं घातलास?"

"गुडघ्यापाशी. खाली."

"किती येल?"

"तीन सेकंद."

"म्हंजे किती?"

तो मोजायचा. एक. दोन. तीन. ती डोळे मिटून ऐकायची.

"एवढा येल तुजा हात तिथं व्हता," ती म्हणायची. "काडता आला असता."

"आला असता," तो म्हणायचा.

मग ती तोंड भिंतीकडे करायची आणि तो बसून राहायचा, शेजारीण येईपर्यंत. घरी परतताना दर वेळी त्याला वाटायचं की आता पुढच्या सोमवारी जायचं नाही. पण सोमवार आला की तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचा. चंद्राबाईने एकदा विचारलं, "तिचे तुमचे असे काय लागेबांधे?" तो म्हणाला, "माझ्या माठातलं पाणी प्यायची ती." चंद्राबाईला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही.

एका सोमवारी तो म्हणाला, "गणराजला सांगून टाकू का मी? मना न्हाय झेपत."

"तुना झेपत न्हाय म्हनून सांगनार?" नीराबाई म्हणाली. "मना काय झेपतं? त्याला बोटीवर जायाचं असतं. रागानं भरलेला मानूस दर्यात गेला तर परत यत न्हाय. माजा एकच हाय." तिने त्याचं मनगट धरलं. बोटं थंड होती. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

नारळी पुनवेला बोटी पाण्यात गेल्या. गणराज पहिल्याच फेरीला गेला. गौरी-गणपती झाले आणि त्यानंतर आठवड्याने नीराबाईची छाती भरली. खाटेवर पडून राहणाऱ्या माणसाचं असंच होतं, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस घरघर लागली होती. ती बुधवारी गेली. सोमवारी चांगदेव आला होता तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला. तिने एकदा डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि मिटले. तिला काही विचारायचं होतं की नाही, कोण जाणे. तो स्वतःशी पुटपुटत मोजत राहिला, तीनपर्यंत, पुन्हा तीनपर्यंत.

स्मशानात तो लोकांच्या मागे उभा होता. रितेशही आला होता, पार शेवटी. त्याच्यावरचा खटला अजून चालू होता, लायसन्स जमा झालं होतं आणि तो पनवेलला एका गोदामात माल मोजायच्या कामावर लागला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रितेश राख होण्याआधीच निघून गेला.

तेराव्याला गणराज चांगदेवच्या घरी आला. हातात सुक्या बोंबलांची जुडी होती आणि नीराबाईचं एक पातळ, घडी घातलेलं. "हे तुमच्या घरातल्या बाईंना," तो म्हणाला. "आई बोलून गेली व्हती. माज्या सख्ख्या भावानं केलं न्हाय तेवढं चांगदेवानं केलं, असं चारचौघांत बोलायची ती. तुमचे उपकार मी इसरनार न्हाय."

चंद्राबाईने पातळ घेतलं. अमिषा दारात उभी होती. चांगदेव खाटेवरून उठला. आत्ताच सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. म्हातारी गेली, आता अडवणारं कुणी नाही. पण गणराजच्या खांद्यावर बोटीवरची पिशवी होती. तो इथून सरळ बंदरावर जाणार होता, भरतीला बोट निघणार होती.

"जपून जा," चांगदेव म्हणाला.

गणराज गेल्यावर तो मागच्या पडवीत जाऊन बसला. अमिषा पाण्याचा तांब्या घेऊन आली, शेजारी ठेवला आणि परत गेली. तो पाणी प्यायला नाही.

दुकान अजून आहे. रिक्षा येतात, टेम्पो येतात, मोटारसायकली येतात. शनिवारी मुंबईची एखादी गाडी थांबते, काच खाली होते आणि आतून कुणी विचारतं, "तुम्हीच ना ते? टायरचा दिवा घालवून देता ना?"

"हवा तपासून देतो," चांगदेव म्हणतो. "दिव्याचं मला येत नाही."

"आम्हाला तर धक्क्यावर सांगितलं, तुम्हाला येतं म्हणून."

"चुकीचं सांगितलं."

मागे एकदा अमिषा सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन आली होती, तेव्हा तिने हे ऐकलं. गाडी निघून गेली. चांगदेव टायर फिरवत, बोट लावून कुठे खिळा लागतोय का बघत बसला होता. तिने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला.

"भाकरी गार होतेय, बाबा," ती म्हणाली.

"हे एक चाक बघतो," तो म्हणाला आणि टायर पाण्यात बुडवून वाकून बसला.